पानाची डावी बाजू

सदाशिव पेठेत एखाद्याने ओळख दिली नाही, तर त्याला काही झालं असेल असं कुणाच्या मनात येत नाही. स्वभाव म्हणतात आणि सोडून देतात. श्यामसुंदर घारपुऱ्यांचं दुखणं दोन वर्षं लपून राहिलं ते या एका रीतीमुळे. कोपऱ्यावरचा वाणी म्हणायचा, "घारपुरे दुकानावरून जातात, पण मान वळवत नाहीत हल्ली." शेजारच्या बाई म्हणायच्या, "निवृत्त झाल्यावर माणसं नरमतात, हे ताठले." श्यामरावांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मान वळवण्यासारखं काय ठेवलंय त्याने दुकानात?" मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

ते ताठ श्यामराव आज हॉस्पिटलच्या खाटेवर अर्धवट उठवून बसवलेले होते. पाठीशी उशा, दोन्ही नाकपुड्यांत कापसाच्या वाती ठासून भरलेल्या, नाकाखाली मिशीसारखी गॉजची घडी चिकटवलेली. श्वास तोंडाने. ओठ सुकून पांढरे पडलेले. आदल्या दिवशी त्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेली आवळ्याएवढी गाठ डॉक्टरांनी नाकाच्या वाटेनं जाऊन काढली होती. रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवून सकाळी त्यांना या दोन खाटांच्या खोलीत आणलं होतं.

आनंदीबाई पायथ्याशी उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या मनातून एकच गोष्ट हलत नव्हती. नाकातून! चाळीस वर्षं ज्या नाकावरून त्यांनी नवऱ्याचा राग-लोभ ओळखला, त्या नाकातून आत एक वाट जाते आणि ती थेट तिथे पोचते, जिथे दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. डॉक्टरांनी दोन बोटांची फुली करून दाखवली होती. फुलीच्या खाली गाठ. ती वर वाढत गेली, फुलीच्या मध्यावर दाब आला, आणि दोन्ही डोळ्यांचं बाहेरच्या कडेचं दिसणं हळूहळू विझलं. समोरचं मात्र लख्ख! पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, चष्म्याचा नंबर जागच्या जागी. डावीकडे अंधार, उजवीकडे अंधार. तोही अंधार म्हणून कळत नाही. नसतंच तिथे काही.

असलं गुंतागुंतीचं यंत्र कुणी घडवलं असेल, आणि ते उघडून पुन्हा मिटायची बुद्धी माणसाला कुणी दिली असेल! आनंदीबाईंनी मनातल्या मनात हात जोडले. पहाटे उपाशी विठोबाच्या देवळात जाऊन त्या काही मागायला उभ्या राहिल्या होत्या, पण मागायचं नेमकं काय हेच त्यांना सुचलं नव्हतं. डोळे दे म्हणावं, तर डोळे होतेच. शेवटी नुसता नमस्कार करून आल्या होत्या.

नऊच्या सुमारास डॉक्टर मुजुमदार आले. उंच, सडपातळ, पेठेतलेच.

"काय घारपुरे, ओळखलंत का?"

"मास्क काढलात तर ओळखीन." श्यामरावांचा आवाज पडशानं बसल्यासारखा येत होता.

"बोलताय म्हणजे मेंदू जागेवर आहे. आता माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही, डोळे हलवायचे नाहीत." डॉक्टरांनी दोन्ही हात दोन बाजूंना पसरले. "उजवीकडे काय दिसतं?"

"हललं काहीतरी," श्यामराव म्हणाले.

"डावीकडे?"

डॉक्टरांची तीन बोटं हवेत तशीच राहिली. आनंदीबाईंना ती स्वच्छ दिसत होती. त्यांना वाटलं, आपण तरी ओरडून सांगावं, अहो, तीन आहेत.

"डावीकडे काही नाही," श्यामराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी हात खाली घेतले. दाराशी आनंदीबाईंनी त्यांना गाठलंच. "म्हणजे गेलं का हो?"

"घरात रंगकाम झालं की पहिल्या दिवशी चहाची गाळणी जागेवर सापडते का? कालच आत जाऊन आलोय आम्ही. सूज आहे, गुंगी आहे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण खोटं नाही सांगत. दाब आम्ही काढलाय. नस किती काळ दबून होती, त्यावर पुढचं आहे. कुणाला काही तासांत दिसायला लागतं, कुणाला महिने लागतात. काहींचं गेलेलं परत येत नाही. आता आहे ते टिकेल, एवढं नक्की."

जाता जाता ते पुन्हा वळले. "आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची म्हणावं. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही."

श्यामरावांना दिसेल की नाही याची तळमळ आनंदीबाईंना लागली होती ती काही पेपर वाचण्यासाठी नव्हती. ती कशासाठी हे कळायला श्यामराव कोण ते सांगायला हवं.

पाटबंधारे खात्यात ते कारकून होते, आणि त्या नोकरीबद्दल ते स्वतःही कधी काही बोलत नसत. पेठेत त्यांना ओळखत ते वाढपी म्हणून. पैसे घेऊन वाढणारा वाढपी नव्हे. मुंज असो, लग्न असो, कुणाकडची मंगळागौर असो, पंगत बसायची म्हटली की यजमान आधी श्यामरावांकडे जाऊन यायचा आणि मग आचाऱ्याकडे. सोवळं नेसून, कमरेला उपरणं घट्ट बांधून ते दोन रांगांमधून चालायला लागले, की पानावर बसलेल्यांच्या पाठी आपोआप सरळ व्हायच्या. मीठ वरती मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, त्याखाली आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, तिच्यावर तूप. एक शीत इकडचं तिकडे पडायचं नाही. कुणी हौशी पोरगा चटणी उजवीकडे वाढून गेला, तर श्यामराव ते पान उचलायला लावत. "डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालतो का आपण?" म्हणत.

आणि त्यांचा एक नियम होता. पंगतीत आधी कडेला बसलेल्याकडे बघायचं. "मधल्यांकडे सगळेच बघतात," ते सांगत. "कडेला बसतो तो एक तर लाजरा, नाहीतर लांबच्या नात्यातला. तो मागत नाही. मागणाऱ्याला वाढण्यात कसली अक्कल?"

नेमकी ती कडच देवानं त्यांच्याकडून काढून घेतली होती.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, काही शंका आहे का. श्यामरावांनी जगण्या-मरण्याचं काही विचारलं नाही. "पंगतीत वाढता येईल का?" एवढंच विचारलं.

डॉक्टर हसून म्हणाले होते, "वाढायला माणसं मिळतात हो आता. केटररची असतात."

"ती वाढत नाहीत," श्यामराव म्हणाले होते, "टाकतात."

"वैनी," पलीकडच्या खाटेजवळून हाक आली, "मालकांचा फोटू काढताय व्हय? सकाळधरनं समोरच उभ्या हाय. बसा की जवळ."

वारज्याच्या बायडाबाई होत्या त्या. त्यांच्या नवऱ्याचं, गेनबांचं, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि गेनबा पालथे पडून सकाळपासून कुणाला ना कुणाला शिव्या देत होते. गावाची जमीन गेली, इमारती आल्या, पण बायडाबाईंचा आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल एवढा होता.

आनंदीबाईंना हसू आलं. खरंच की! त्या पायथ्याशी, बरोबर समोर, फोटो काढणाऱ्यासारख्या उभ्या होत्या. गाठीचं कळल्यापासून हे अंगवळणीच पडलं होतं. श्यामरावांशी बोलायचं तर समोर जाऊन. चहा द्यायचा तर समोरून. बाजूने गेलं की ते दचकत, नाहीतर त्यांना पत्ताच नसे.

"बाजूचं दिसत नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "समोरचंच दिसतं."

"मंजी बैलाला झापड लावत्यात तसं?"

"अगदी तसंच."

"आन् तुमाला कवा कळलं?"

काय सांगणार? कळायला हवं होतं ते चटणीवरून. रोज पानात डाव्या बाजूला वाढलेली चटणी तशीच राहायला लागली. कोशिंबीरही राहायची. उजवीकडची भाजीसुद्धा आमटीच्या वाटीला हात लागला की मगच सापडायची. आनंदीबाईंना वाटलं, आपल्या हातची चव गेली. आधी तीळ बदलून पाहिले, मग कारळ्याची केली, मग जवसाची. शेवटी एक दिवस रागावून चटणी करणंच बंद केलं. श्यामरावांनीही विचारलं नाही. ते मनात म्हणत होते, ही हल्ली चटणी वाढत नाही, दमली असेल. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत गप्प बसले. आणि संसाराला इतकी वर्षं झाली की असल्या गोष्टी बोलून दाखवायचं माणूस विसरतंच.

मग श्रीधरांच्या नातवाची मुंज आली. श्रीधर म्हणजे श्यामरावांचे मामेभाऊ, दोन गल्ल्या सोडून राहणारे. लहानपणापासून दोघांचं भांडण आणि प्रेम एकाच सुरात चालायचं. त्या मुंजीत पहिल्या पंगतीला डावीकडच्या रांगेत अगदी टोकाला श्रीधरांचे व्याही बसले होते. श्यामराव वरण घेऊन गेले, व्याह्यांना सोडून पुढे गेले. तूप घेऊन गेले, पुन्हा सोडून गेले. व्याही कोरड्या भातासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि मग पान सोडून उठले.

"डोळे फुटलेत का तुझे?" श्रीधर सगळ्यांदेखत ओरडले.

आणि श्यामराव, ज्यांनी जन्मभर कडेच्या माणसाला आधी वाढलं, ते काय झालं हे न कळून म्हणाले, "दिसतं मला. तुझ्या व्याह्यांना तोंड उघडायला काय झालं होतं?"

त्या दिवसापासून श्रीधरांनी बोलणं टाकलं. श्यामरावांनी उपरणं घडी करून कपाटात ठेवलं. पुढे एका स्कूटरला धडकून पडले तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी त्यांना यंत्रापुढे बसवलं. दिवे लुकलुकतील तेव्हा बटण दाबा, म्हणाले. कडेचे दिवे लागून विझले, श्यामराव बटण धरून वाट बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "म्हणजे व्याही तिथे बसलेले होते."

बायडाबाईंनी हे सगळं गालावर हात ठेवून ऐकलं. "आन् त्या भावाला सांगितलं का न्हाई, की असं असं हाय म्हून?"

"हे सांगू देईनात. म्हणे, आजाराचं निमित्त सांगून माफी मागितली असं होईल. परवा मीच गुपचूप त्यांच्या बायकोच्या कानावर घातलं."

"बरं केलंसा. पुरुषांच्या भांडणात बाईनं कडंनंच शिरावं."

पलीकडून गेनबा ओरडले, "बायडे, मला उचकी लागलीया, तुजं प्रवचन बंद कर."

दुपारी श्यामराव झोपले. त्यांच्या उघड्या तोंडातून श्वास येत-जात होता. मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरी महालक्ष्मीचा घट मांडायचा राहिला होता. आनंदीबाईंनी स्टुलावर बसून डोळे मिटले आणि मनातच चौरंग मांडला, तांदळाची रास घातली, कलश ठेवला, पाच पानं लावली. नैवेद्याचं पानही मनातच वाढायला घेतलं. मीठ वाढलं. त्याच्या डावीकडे लिंबू. आणि मग चटणी वाढताना त्यांचा मनातला हात थबकला. देवीपुढेही चटणी डावीकडेच! कुणी शिकवलं हे आपल्याला? सासूबाईंनी. त्यांना त्यांच्या सासूनं. डोळ्यांना दिसत नाही तरी हाताला जागा ठाऊक. इतकी वर्षं देवाला वाढतो आहोत, पण समोरचं दिसतं तसं कडेचंही दिसतं, याबद्दल कधी एकदा तरी हात जोडले का? अन्नाबद्दल जोडले, सौभाग्याबद्दल जोडले, मुलीचं घर चांगलं मिळालं म्हणून जोडले. पण देवापुढे बसलेलं असताना दाराशी कुणी आलं ते न वळता कळतं, दूध उतू जाताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं, हे कुणी देतं म्हणून मिळतं, हे ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी देवळात जे सुचलं नव्हतं, ते आता सुचलं. त्यांनी मागितलं, "कड दे बाई. एवढी कड परत दे."

डोळे उघडले तर श्यामराव जागे होते. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"पडदा लाव," ते म्हणाले.

"काय?"

"हलतोय सारखा. लाव तो, नाहीतर सरकव."

खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती. आनंदीबाई उठल्या, पडदा सरकवला, आणि तिथेच उभ्या राहिल्या. वारा येत होता, तो अंगाला लागला असेल. पडद्याच्या कड्यांचा आवाज झाला असेल. त्यांनी काही विचारलं नाही. आशेला फार लवकर पाट मांडला की ती येऊन बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी भेटायची वेळ सुरू झाली. बायडाबाईंकडे निम्मं वारजं लोटलं. गेनबांच्या पुतण्यानं डब्यातून ठेचा आणला होता. सिस्टरनं तो जप्त केला आणि गेनबांनी तिला आशीर्वाद द्यावा तशा सुरात काहीबाही ऐकवलं. त्या गलक्यात दार उघडून एक जाडजूड माणूस आत आला आणि भिंतीला घासत घासत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

श्रीधर होते ते. डोक्यावर टोपी, हातात काही नाही. आनंदीबाईंनी तोंड उघडलं, तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनंच 'नको' म्हटलं. लाजलेला माणूस असाच कडेला उभा राहतो. बघून जायचं, त्याला कळू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा बेत असावा. श्यामरावांची डावी बाजू म्हणजे लपायला सगळ्यात चांगली जागा, हे बायकोकडून ऐकूनच आले असणार.

तेवढ्यात जेवणाचं ताट आलं. वाढणाऱ्या मावशींनी ते खाटेवरच्या आडव्या टेबलावर ठेवलं आणि त्या गेल्या. मऊ भात, पातळ वरण, दुधीची भाजी. मीठ आणि लिंबाची फोड, दोन्ही उजव्या कोपऱ्यात ढकललेली.

श्यामराव समोर बघत होते. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावरच त्यांची नजर होती. मान हलवायची भीती त्यांनी सकाळपासून धरलीच होती.

"लिंबू उजवीकडे कुणी वाढलं?"

आनंदीबाईंना वाटलं आपल्याला भास झाला. "अहो, हॉस्पिटल आहे हे."

"मग? हॉस्पिटलात लोक जेवत नाहीत?" तोंडाने श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "आणि श्रीधरला उभं का ठेवलंय? स्टूल दे त्याला."

खोलीत गलका चालूच होता, पण आनंदीबाईंना काही ऐकू येईना. श्यामरावांनी मान वळवली नव्हती. डोळे कॅलेंडरवर होते. आणि श्रीधर खिडकीपाशी, पडद्याला टेकून, पार डावीकडे होते.

"श्याम," श्रीधरांचा आवाज चिरकला, "तुला मी दिसतोय?"

"पोट दिसतंय. त्याच्यामागे तूच असशील, अजून कोण असणार?"

श्रीधर स्टूल न घेताच खाटेशी आले, आणि या दोघांनी आयुष्यात कधी केलं नसेल ते केलं. एकमेकांचा हात धरला. श्रीधरांनी दुसऱ्या हातानं टोपी काढली.

"माझ्या मेल्याची जीभ झडायला हवी होती," शेवटी ते कसेबसे म्हणाले. "डोळे फुटलेत का, असं मी..."

"बरोबर विचारलं होतंस," श्यामराव म्हणाले. "फक्त डॉक्टरनं विचारायला उशीर केला."

आनंदीबाई बाहेर धावल्या. सिस्टरला काय सांगितलं ते त्यांना स्वतःलाच नंतर आठवलं नाही. बायडाबाईंनी मात्र सगळं पाहिलं होतं. त्यांनी आपल्या माणसांना एका हातानं गप्प केलं. "अवं गप ऱ्हावा जरा. त्या मालकांला दिसाया लागलंय." गेनबासुद्धा पालथ्या अंगानं मान उचलून बघायला लागले.

डॉक्टर मुजुमदार घरी निघाले होते, ते पायऱ्यांवरून परत आले. पुन्हा हात पसरले. "नाकाकडे बघा माझ्या. उजवीकडे?"

"तीन."

"डावीकडे?"

श्यामरावांची नजर डॉक्टरांच्या नाकावरून हलली नाही.

"दोन. करंगळी वाकडी आहे तुमची. आणि खिशातलं पेन गळतंय."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. पांढऱ्या कोटावर खरंच निळा डाग पसरत होता. ते हसले, मग त्यांनी हात आणखी मागे, आणखी मागे नेले. वरच्या कोपऱ्यात अजून दिसत नव्हतं. डावीकडची कड धुरकट होती. "पूर्ण येईल असं अजूनही म्हणणार नाही मी," ते म्हणाले. पण चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला. "एवढी ऑपरेशनं केली, आजी. कसं होतं ते मला पाठ आहे. नस मोकळी झाली की पुन्हा निरोप न्यायला लागते. पुस्तकात दोन ओळी आहेत. पण समोर असं घडलं की दर वेळी वाटतं, हे आपण केलेलं नाही."

आनंदीबाईंना वाटलं होतं, डॉक्टर लोकांना याची सवय होत असेल. तेही आपल्यासारखेच दाराबाहेर उभे राहून बघतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर "अहो, अहो," करत मागे सरले आणि गेनबांच्या खाटेला अडखळले. गेनबा म्हणाले, "डाक्टर, त्यांस्नी दिसाया लागलं, आता तुमी बघून चाला."

सगळे गेल्यावर श्रीधर घुटमळले. "व्याह्यांना बोलावतो एकदा जेवायला. सगळं सांगतो त्यांना. वाढायला येशील?"

"सांगू नकोस काही. बोलाव," श्यामराव म्हणाले. "आधी त्यांनाच वाढीन, म्हणजे कळेल त्यांना."

श्रीधर गेले. भात गार झाला होता. आनंदीबाईंनी चमच्यानं लिंबाची फोड उचलली, मीठ वरती मधोमध सरकवलं आणि त्याच्या डावीकडे फोड ठेवली. नाकात वाती असल्यानं श्यामरावांना ना वास ना चव, पण त्यांनी समाधानानं पाहिलं.

"चटणी नाही?"

दोन वर्षांनी विचारलं होतं त्यांनी. आनंदीबाई म्हणाल्या, "तिखट चालत नाही म्हणालेत डॉक्टर."

"मग जागा तरी सोड तिला."

त्यांनी भाजी जरा उजवीकडे ओढली आणि लिंबाशेजारी बोटभर जागा मोकळी केली. मग चमचा त्यांच्या हातात दिला आणि त्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. किती दिवसांत तिथे उभ्या राहिल्या नव्हत्या. श्यामराव समोर बघत भात खात होते. आनंदीबाई एक पाऊल मागे सरल्या. मग आणखी एक.

"मागे कुठे चाललीस?" कॅलेंडरवरची नजर न हलवता श्यामराव म्हणाले. "स्टूल आहे तिथे. पडशील."